हार घालण्याआधी हात पाहा

मांडव्याच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत बसलेल्या मंडळींत परवा एक वाद निघाला. राजकारणाच्या नावाने ज्यांनी माणसे मारली, ज्यांना कोर्टाने शिक्षा दिली, ते सुटून आले म्हणजे पुढाऱ्यांनी त्यांच्या गळ्यात हार घालावे काय, हा तो वाद. एका जाणत्या गृहस्थाने सवाल टाकला, "अहो, शिक्षा भोगून आला, सरकारचे देणे फिटले. मग चार फुले गळ्यात पडली तर कोणाचे काय बिघडले?" इतक्यात लाँच आली, मंडळी पांगली आणि सवाल तेथेच राहिला. तो आता आमच्याकडे आला आहे. तो उडवून लावण्याचा आमचा विचार नाही. तो भल्या माणसाचा सवाल आहे, आणि आमच्या बहुजनसमाजातील पुष्कळ भल्या माणसांच्या मनात तोच घोळत आहे. म्हणून आज त्याचे सरळ उत्तर देतो.

आधी हार म्हणजे काय ते पाहू. कष्टकऱ्याच्या घरी हार फुकट पडत नाही. नारळी पौर्णिमेला कोळी आपल्या होडीला हार घालतो, कारण ती त्याचे घर पोसते आणि दर्यातून त्याला परत आणते. दसऱ्याला सुतार रंध्याला, लोहार ऐरणीला, कुंभार चाकाला आणि शेतकरी नांगराला फूल वाहतो. ज्याच्यावर आपले चालते आणि ज्याच्याकडून पुढल्या सालीही काम घ्यायचे आहे, त्याला आपण हार घालतो. झाल्या कामाची नुसती पावती म्हणून कोणी औताची पूजा करीत नाही. पुढारीही हेच करतो. खुनाच्या शिक्षेतून आलेल्या इसमाला तो मांडवात उभा करून हार घालतो, तेव्हा तो दसराच साजरा करीत असतो. माणसाचे हत्यार केले, ते एकदा चालवून पाहिले, आता त्याला गंध-फूल वाहून पुन्हा खुंटीला टांगून ठेवले. मांडवात बसलेली कोवळी पोरे हे पाहत असतात, आणि आपल्यालाही असाच मान मिळेल, असे त्यांतल्या एखाद्याच्या मनात येते. बिघडते ते येथे.

ही काही आमची कल्पना नव्हे. ह्याचा दाखला आपल्याच प्रांतात, पुणे शहरात घडलेला आहे.

महात्मा गांधींचा खून ३० जानेवारी १९४८ रोजी झाला. लाल किल्ल्यातील खास कोर्टाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ह्यांना त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा ह्यांना जन्मठेप झाली, आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये ते सुटले. सुटले ह्याबद्दल आमची तक्रार नाही. कायद्याने दिलेली शिक्षा कायद्याने संपली. परंतु महिनाभरातच, १२ नोव्हेंबर १९६४ रोजी, पुण्याच्या उद्यान कार्यालयात त्यांच्या सुटकेचा आनंद म्हणून सत्यविनायकाची पूजा घालण्यात आली. अध्यक्षस्थानी होते ग. वि. केतकर, लोकमान्य टिळकांच्या मुलीचे चिरंजीव आणि 'केसरी'चे माजी संपादक. म्हणजे हा कोणा गल्लीतल्या टोळक्याचा उद्योग नव्हता. शिकलेल्या, मानाच्या, वर्तमानपत्रे चालवणाऱ्या माणसांनी, देवाला साक्षी ठेवून, खुनाच्या कटातील शिक्षा झालेल्या माणसांचा केलेला तो गौरव होता.

त्या आनंदाच्या भरात केतकर बोलून गेले. नथुरामचा बेत आपणांस आधीच ठाऊक होता, गांधींना मारण्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा त्याने आपल्याशी केली होती, असे त्यांनी भर सभेत सांगितले. आपण ती गोष्ट पुण्याच्याच बाळूकाका कानिटकरांमार्फत मुंबई प्रांताचे प्रमुख बाळासाहेब खेर ह्यांच्या कानावर घातली, असेही त्यांचे म्हणणे होते. दोन दिवसांत ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि देशभर गहजब उडाला. गोपाळ गोडसे ह्यांना पुन्हा अटक होऊन वर्षावर स्थानबद्ध राहावे लागले. कोणास काय ठाऊक होते, त्यांनी काय केले, हे तपासण्यासाठी सरकारला चौकशी नेमावी लागली, आणि न्यायमूर्ती कपूर ह्यांचा अहवाल १९६९ साली आला. खुनानंतर एकवीस वर्षे गेल्यावर!

वाचकांनी येथे थोडे थांबावे. सत्यविनायकाच्या पूजेत जे बाहेर आले ते काय होते? खून करणारे हात दोनचार असतात. परंतु त्या हातांभोवती ऐकून घेणारे, मान डोलावणारे, पोटात ठेवणारे असे एक वर्तुळ असते. खुनाआधी ते गप्प राहते, खुनानंतर ते मागे सरते, आणि शिक्षा संपली की तेच हार घेऊन पुढे येते. हारामुळे नवीन पाप घडले असे नव्हे; जुने पाप कोणाकोणाच्या आशेवर उभे होते तेवढे हारामुळे उघडे पडले. म्हणून सत्काराच्या सभेत कोण बसले आहे हे जनतेने नीट पाहून ठेवावे, असे आम्ही म्हणतो.

त्याच खटल्यातली दुसरी एक गोष्ट आमच्या कारागीर बंधूंनी खास ध्यानात ठेवावी. दिगंबर बडगे हा शस्त्रांचा व्यापारी ह्या कटात होता. शंकर किस्तय्या हा त्याचा नोकर. मालक माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. मालकाच्या हुकुमाने त्याच्यामागे फिरणाऱ्या नोकराला मात्र खालच्या कोर्टाने जन्मठेप ठोठावली. पुढे अपिलात हायकोर्टाने त्याला सोडले म्हणून बरे. पुण्याच्या पूजेत ह्या शंकरला कोणी हार घातल्याचे आमच्या वाचनात नाही. चाकर माणूस मोठ्यांच्या कटात सापडला म्हणजे त्याचे काय होते, हे ह्या एका नावावरून समजावे.

इतके वाचून आमच्यातील काही मंडळी खूश होतील. "बरे झाले, भटशाहीचे वाभाडे काढले!" असे म्हणतील. त्यांना आम्ही सांगतो, बसा, अजून आपली पाळी यायची आहे. दुसऱ्याच्या अंगणातील घाण दाखवणारे पत्र आपल्या परसात पाहणार नसेल तर त्याने सत्यशोधनाचे नाव घेऊ नये.

गांधीजींच्या खुनाची बातमी आली आणि खुनी पुण्याचा ब्राह्मण असे कळले, तेव्हा पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत काय झाले? ब्राह्मणांची घरे जाळली गेली, वाडे लुटले गेले, माणसे मारली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. मुंबईत डॉक्टर नारायणराव सावरकरांना दगडांनी ठेचले, ते पुढल्या वर्षी वारले. ज्यांनी कधी गोडश्याचे नावही ऐकले नव्हते, ज्यांनी गावात भिक्षुकी करून किंवा शाळा शिकवून पोट भरले, अशा कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव सोडून रातोरात पळावे लागले. आणि हे करणाऱ्यांत आमच्या चळवळीचे नाव तोंडात घेऊन नाचणारे लोक होते. गांधींच्या नावाने आग लावली! अहिंसेच्या पुजाऱ्याचे ह्यापेक्षा मोठे विटंबन दुसरे कोणते? कोठे कर्जाचे कागद जळावेत म्हणून आग लागली, कोठे जुन्या भाऊबंदकीचे उट्टे निघाले, कोठे नुसतीच लूट झाली. आजही कोणी म्हातारा मिशीला पीळ देऊन "त्या साली आम्ही काय दणका दिला!" असे सांगतो आणि चारजण हसतात. हे हसणे म्हणजे हारच. फुलांचा नाही एवढेच.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय आम्हांस मान्य नाही. पुण्याची पूजा वाईट आणि चावडीवरचे हसणे चांगले, असे आम्ही म्हणू लागलो तर जोतीरावांच्या नावाने चाललेली ही सारी चळवळ म्हणजे एका जातीच्या मुजोरीच्या जागी दुसऱ्या जातीची मुजोरी बसवण्याचा धंदा ठरेल. ह्या बाबतीत आपल्याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली आपल्याला चांगला धडा मिळाला होता. सत्याग्रहाला पाठिंबा देताना जेधे-जवळकरांनी अट घातली की त्यात ब्राह्मण नकोत. डॉक्टर आंबेडकरांनी ती अट मानली नाही. भांडण ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण जन्माच्या माणसाशी नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडात मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर सहस्रबुद्धे ह्या ब्राह्मण गृहस्थानेच. हा धडा १९४८ साली आपण विसरलो, ही आमची कबुली आहे.

मनुस्मृतीचे नाव निघाले ते बरे झाले, कारण हाराचा आणि मनूचा जवळचा संबंध आहे. मनूचा दंड जात पाहून पडत असे. इतर वर्णांना जेथे देहदंड, तेथे ब्राह्मणाला मुंडन पुरे, असा त्याचा कायदा. जोतीरावांपासूनच्या चळवळीने जे मागितले त्याचा गाभा एवढाच की गुन्हा पाहा, जात पाहू नका. एक कायदा, एक कोर्ट, एक तुरुंग. ही गोष्ट बहुजनांना फुकट मिळाली नाही. आता दोन हजार बावीस साली काय झाले ते पाहा.

गुजरातेत २००२ सालच्या दंगलीत बिल्किस बानो ह्या एकवीस वर्षांच्या गरोदर बाईवर सामूहिक बलात्कार झाला. तिच्या तीन वर्षांच्या मुलीला आणि घरच्या माणसांना ठार मारले. गुजरातेत न्याय होणार नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने खटला आपल्या मुंबईत आणला, आणि मुंबईच्या विशेष कोर्टाने २१ जानेवारी २००८ रोजी अकरा जणांना जन्मठेप दिली. मुंबई हायकोर्टाने २०१७ साली ती कायम केली. असे असता १५ ऑगस्ट २०२२ रोजी, देशाच्या स्वातंत्र्याचा पंचाहत्तरावा वर्धापनदिन साजरा होत असताना, गुजरात सरकारने ह्या अकरांनाही गोध्र्याच्या तुरुंगातून सोडून दिले. बाहेर त्यांना पेढे भरवले, हार घातले. सुटकेची शिफारस करणाऱ्या समितीत असलेले गोध्र्याचे आमदार सी. के. राऊलजी ह्यांनी वर असे सांगितले की ते ब्राह्मण आहेत आणि ब्राह्मणांचे संस्कार चांगले असतात. अकरांत सगळे त्या जातीचे नव्हतेही. पण ते असू द्या. बलात्कार आणि बालहत्या कोर्टात शाबीत झाल्यावर जन्माची जात पुढे करून संस्काराचा दाखला मिळतो, हे मनूचे मुंडन नव्हे तर काय? आणि हे बोलणारे गृहस्थ त्याच वर्षाअखेर निवडणुकीत पुन्हा निवडून आले.

सुप्रीम कोर्टाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली. शिक्षा मुंबईत झाली, तेव्हा सुटकेचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हे, असे कोर्टाने सांगितले, आणि अकराही जणांना त्याच महिन्यात पुन्हा तुरुंगात जावे लागले. कायद्याने आपले काम केले. परंतु गळ्यात पडलेला हार कोर्टाला काढता येत नाही. मधल्या सतरा महिन्यांत त्या बाईने आपल्या मुलीच्या मारेकऱ्यांना पेढे खाताना पाहिले, ते कोणत्या कोर्टाने परत करावे? 'शिक्षा भोगून आला, मग काय बिघडले' असे विचारणाऱ्या आमच्या धक्क्यावरील गृहस्थाने एकदा त्या बाईच्या ओटीवर बसून हा सवाल विचारून पाहावा.

हा रोग एका प्रांताचाही नाही. झारखंडात २०१७ साली अलीमुद्दीन अन्सारी ह्या व्यापाऱ्याला गोमांसाच्या संशयावरून जमावाने ठेचून मारले. त्यात शिक्षा झालेल्यांपैकी आठ जण जुलै २०१८ मध्ये जामिनावर सुटले, आणि केंद्राचे मंत्री जयंत सिन्हा ह्यांनी आपल्या घरी त्यांना हार घातले. ओरड झाल्यावर त्यांनी खेद दाखवला. परदेशच्या शिकलेल्या मंत्र्याला हार घालण्यापूर्वी जे सुचले नाही ते छायाचित्र छापून आल्यावर सुचले! अमेरिकेत निवडणूक हरलेल्या ट्रंप ह्यांच्या अनुयायांनी ६ जानेवारी २०२१ रोजी तेथील संसदेच्या इमारतीवर हल्ला केला, पोलिसांना झोडपले. ट्रंप पुढे त्या कैद्यांचे गाणे आपल्या सभेत वाजवू लागले आणि त्यांना ओलीस म्हणू लागले. २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा गादीवर बसताच पहिल्याच दिवशी त्यांनी सुमारे दीड हजार जणांना माफी दिली. देश निराळे, धर्म निराळे, भाषा निराळी, पण पुढाऱ्याची युक्ती एकच. आपल्यासाठी जो हात उचलील त्याला आपण टाकणार नाही, असा निरोप त्याला पुढच्या पोरांपर्यंत पोचवायचा असतो.

तो निरोप कोणाच्या पोरांना असतो, हाच आमच्या पत्राचा खरा विषय आहे. पुढाऱ्याच्या पोराला नसतो. तो परदेशी शिकतो. निरोप असतो तुमच्या आमच्या पोरांना. आपल्या किनाऱ्यावरची किती घरे गिरणीच्या पगारावर चालली ते सांगायला नको. त्या गिरणगावात, लालबागेत, ५ जून १९७० च्या रात्री कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई ह्यांचा खून झाला. त्या खुनात शिवसेनेच्या तरुणांना शिक्षा झाल्या. त्याच वर्षी पोटनिवडणूक होऊन देसायांच्या पत्नी सरोजिनीबाई हरल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक आमदार झाले. हिशेब मांडा. मेला तो गिरणी कामगारांचा पुढारी. तुरुंगात गेली ती गिरणगावातली पोरे. दोन्हीकडे रडल्या त्या कामगारांच्या बाया. विधानसभेची खुर्ची मात्र तिसऱ्यालाच मिळाली.

पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. गोळ्या झाडणारे म्हणून दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, आणि ह्या कटामागे डोके कोणाचे हे तपास यंत्रणेला शोधता आले नाही. ट्रिगर ओढणारी बोटे सापडतात, डोके सापडत नाही. म्हणून आम्ही आईबापांना कळकळीने सांगतो, तुमच्या पोराच्या गळ्यात उद्या पडणारा हार आज कोणाच्या तरी हिशेबात जमा धरलेला आहे. त्याची किंमत मात्र तुमच्या नावावर लिहिली आहे. वकिलाची फी, तुरुंगाच्या भेटीला लागणारा खाडा, गहाण पडणारे शेत, बिनलग्नाची राहणारी बहीण. ही यादी कोणत्याही सत्काराच्या सभेत वाचून दाखवत नाहीत.

आता कोणी विचारील, तुरुंगातून आलेल्यांना हार आम्ही पूर्वीही घातले. स्वातंत्र्याच्या लढ्यात तर तुरुंगवास हाच मान होता. खरे आहे. पण ते तुरुंगात कशासाठी गेले ते पाहा. मिठासाठी, जंगलासाठी, सभाबंदी मोडली म्हणून गेले. आमच्याच अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून २७ ऑक्टोबर १९३३ रोजी संप पुकारला. सावकाराची जमीन कसणार नाही म्हणाले, आणि सुमारे सहा वर्षे कसली नाही. चुली विझल्या, पोरांनी कंद खाल्ले, पण सावकाराच्या वाड्याला काडी लावली नाही. पुढे कुळांना कायद्याचे जे संरक्षण मिळाले त्यात ह्या उपासमारीचा वाटा आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या, तेव्हा हजारो माणसे चवताळून उठली असता आंबेडकरांनी त्यांना हात आवरायला लावले, आणि हल्लेखोरांना कायद्याकडे सोपवले. हार घालायचा तर स्वतःच्या अंगावर सोसणाऱ्याला घाला. दुसऱ्याच्या अंगावर सोडलेल्याला नको.

मग शिक्षा भोगून आलेल्या माणसाने जावे कोठे? त्याला आम्ही वाळीत टाका म्हणतो काय? मुळीच नाही. वाळीत टाकणे हा भटशाहीचा कायदा होता, आमचा नव्हे. येथे आम्हांस जोतीरावांची गोष्ट आठवते. १८५६ च्या सुमारास काही लोकांनी पैशाची लालूच दाखवून दोन मारेकरी जोतीरावांच्या घरात पाठवले. एक रोडे रामोशी, दुसरा धोंडीराम कुंभार. दोघेही गरीब, दोघेही आपल्यातलेच. अंधारात जाग आली तेव्हा जोतीरावांनी विचारले, मी तुमचे काय वाईट केले? पैशासाठी आलो, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्यासाठी आपण झिजलो त्यांच्याच हातून मरण येणार असेल तर येवो, असे म्हणून जोतीरावांनी मान पुढे केली. हत्यारे गळून पडली. ज्यांनी आम्हांला पाठवले त्यांनाच मारून येतो, असे ते म्हणू लागले, तेव्हा जोतीरावांनी तेही करू दिले नाही. पुढे रोडे त्यांचा राखणदार झाला, आणि धोंडीराम शिकून सत्यशोधकांचा पंडित झाला. जोतीरावांच्या चरित्रकारांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे.

म्हणजे मारेकऱ्याला पोटाशी धरण्याचे काम आमच्या चळवळीने सर्वांआधी केले आहे. पण कोणत्या क्षणी? हत्यार गळून पडल्यावर. आणि धरले ते कोणी? ज्याचा जीव जाणार होता त्याने. क्षमा करण्याचा हक्क ज्याच्यावर वार झाला त्याचा असतो. ज्याच्या फायद्यासाठी वार झाला त्याचा नसतो. जोतीरावांच्या मिठीने हत्याराचा माणूस झाला. पुढाऱ्याच्या मिठीने माणसाचे हत्यार होते. गोपाळ गोडसे २००५ साली वारले, तोवर आपणांस पश्चात्ताप नाही असेच ते सांगत राहिले. कसा होणार पश्चात्ताप? बाहेर पाऊल टाकताच ज्याला पूजेच्या पाटाशेजारी बसवले, त्याला तुझे चुकले असे सांगणारा भेटणार कोठे?

म्हणून आमच्या वाचकांना आमचे सांगणे असे.

शिक्षा संपवून गावात आलेल्याला काम द्या, पाणी द्या, त्याच्या मुलांना शाळेत हिणवू नका. तो मेहनतीने जगू पाहत असेल तर त्याला औत द्या, जाळे द्या. पण त्याला व्यासपीठावर चढवू नका, आणि कोणी चढवीत असेल तर तेथे जाऊ नका. मंडप घालणाऱ्याने मंडप घालू नये, वाजंत्र्याने वाजवू नये, माळ्याने हार गुंफू नये. एका दिवसाची मजुरी बुडेल, हे आम्ही जाणतो. ती बुडू द्यावी. ह्या कामात कारागीराच्या हातात मोठे सामर्थ्य आहे. पुढाऱ्याला स्वतःचा हार स्वतः गुंफता येत नाही.

सभेला गेलाच असाल तर तेथे एकच प्रश्न विचारा. मेला त्याच्या घरी तुम्ही गेला होता काय? ह्याचे उत्तर नाही असे आले तर उठून घरी या. आणि हा प्रश्न पक्ष पाहून, जात पाहून, धर्म पाहून विचारू नका. आपल्या जातीचा पुढारी आपल्या जातीच्या गुन्हेगाराला हार घालीत असेल तेव्हा तर पहिल्या रांगेतून विचारा. तेथे जीभ अडखळली तर पुण्याच्या पूजेवर आणि गोध्र्याच्या पेढ्यांवर बोलण्याचा आपल्याला अधिकार उरणार नाही.

आमच्या तालुक्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा विणतात. विणणाऱ्या बाया प्रत्येक कांदा हातात घेऊन दाबून पाहतात. एक नासका मधे राहिला तर आठवड्यात सारी माळ नासते, आणि मुंबईच्या बाजारात आपलेच नाव जाते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. कांद्याच्या माळेला जेवढी पारख लागते तेवढी तरी माणसाच्या गळ्यातील माळेला लावावी. धक्क्यावरील त्या गृहस्थाच्या सवालाला आमचे उत्तर हे आहे. ते पटले नाही तर त्यांनी जरूर लिहावे, आम्ही छापू.